दुरुस्ती चालू आहे

माझ्या कपाटाच्या खणात तीन जिमची ओळखपत्रं पडून आहेत. पहिल्यावरच्या फोटोत मला मिशी आहे, दुसऱ्यावर ती गेली आहे, तिसऱ्यावर कपाळ बरंच मागे सरकलं आहे. तिन्ही ठिकाणी मी वर्षाचे पैसे एकरकमी भरले, कारण तसे भरले की स्वस्त पडतं. प्रत्यक्षात गेलो ते पहिल्या जिममध्ये अडीच महिने, दुसऱ्यात सहा आठवडे आणि तिसऱ्यात अकरा दिवस. त्या अकरा दिवसांचा दर काढला, तर तेवढ्यात सहकुटुंब महाबळेश्वरला जाऊन आलो असतो. दोष जिमचा नव्हता. यंत्रं चालू होती, शिकवणारी मुलं मनापासून शिकवत होती. मी जायचा थांबलो, एवढंच.

हे पुस्तक लिहायला मात्र ती ओळखपत्रं कारणीभूत ठरली नाहीत. कारण घडलं आमच्या घरच्या सत्यनारायणाच्या पूजेत. डोंबिवलीतल्या नव्या जागेत राहायला गेलो तेव्हाची गोष्ट. मी शेहेचाळीस वर्षांचा. कथा संपली, आरतीला उभं राहायचं, आणि पाटावरून मला उठताच येईना. पाय बधिर, कंबर धरलेली, सोवळ्याचा काठ गुडघ्याखाली अडकलेला. आधाराला जवळचं काय सापडलं, तर चौरंग. त्यावर भार दिला तसा कलश डुगडुगला आणि सगळ्या घराने एकदम ‘अहो!’ केलं. माझ्यासमोर बसलेले गुरुजी तोवर उठून उभे होते. सत्तरीचे असतील. त्यांनी हात जमिनीला लावला नव्हता, गुडघाही टेकवला नव्हता. प्रसाद घेताना मी त्यांना विचारलं, तर म्हणाले, “दिवसाला तीन-चार पूजा असतात हो. प्रत्येकीत पाच-सहा वेळा उठबस. मोजायला कोण बसतंय?”

त्यांनी मोजलं नव्हतं, पण हे मोजणारे लोक आहेत हे मला पुढे कळलं. ब्राझीलमधले डॉक्टर क्लॉडिओ गिल अराउजो आणि त्यांचे सहकारी माणसांना जमिनीवर बसायला आणि उठायला सांगतात. बसण्याला पाच गुण, उठण्याला पाच. हात टेकला, गुडघा टेकला की दरवेळी एक गुण वजा. ५१ ते ८० वयोगटातल्या २००२ जणांची अशी परीक्षा घेऊन पुढची काही वर्षं त्यांनी त्यांचा मागोवा ठेवला आणि २०१२ च्या सुमारास निष्कर्ष छापला: कमी गुण मिळवणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच जास्त होतं. उठता न येणं हे काही मरणाचं कारण नव्हे. पण ताकद, तोल, लवचिकता आणि अंगावरचं वजन या चारही गोष्टींचा जमाखर्च त्या एका हालचालीत दिसतो. माझ्या ताळेबंदात त्या दिवशी चौरंगच खर्ची पडायचा बाकी होता.

या पुस्तकाचा विषय तंदुरुस्ती आहे, म्हणून आधी त्या शब्दाकडे पाहू. तो फारसीतून आपल्याकडे आला. ‘तन’ म्हणजे शरीर आणि ‘दुरुस्त’ म्हणजे ठीक, नीट. आपण मराठीत ‘दुरुस्त’ घेतला आणि त्यावरून ‘दुरुस्ती’ अशी काही वापरली की आता तो शब्द ऐकला की पान्हा, शिडी आणि उघडी पडलेली पाइपलाइन डोळ्यांपुढे येते. व्युत्पत्तीच्या अभ्यासकांची माफी मागून मी या पुस्तकापुरता तोच मराठी अर्थ धरणार आहे. तंदुरुस्ती म्हणजे तनाची दुरुस्ती, आणि दुरुस्ती कधी संपत नसते.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. त्याचा रविवार मेगाब्लॉकमध्ये जातो. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी आली, आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत पोचले. त्या मार्गावर आज लाखो माणसं रोज लोंबकळत जातात. हा मार्ग टिकला तो इंग्रजांनी एकदा पक्का बांधला म्हणून, असं कुणी म्हणेल का? दर आठवड्याला माणसं रुळांवर उतरतात, खडी भरतात, वायर तपासतात, सांधे बदलतात. आपण फलाटावर उभे राहून कुरकुरतो, पण ब्लॉक घेतलाच नाही तर काय होईल हेही आपल्याला ठाऊक असतं. शरीराच्या बाबतीत मात्र आपली समजूत कंत्राटदाराची असते. एकदाच काय ते जोरात काम काढायचं, बिल चुकतं करायचं आणि मोकळं व्हायचं. ‘तीन महिन्यांत दहा किलो’ ही पाटी त्याच समजुतीवर चालते.

आपल्या परंपरेत या एकदाच्या कामाचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. लोकमान्य टिळकांनी डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष जवळजवळ पूर्णपणे शरीर कमावण्यात घालवलं. आखाडा, पोहणं आणि नाव वल्हवणं यांपुढे त्यांनी परीक्षेची पर्वा केली नाही. प्रकृतीने अशक्त असलेला मुलगा त्या वर्षात धडधाकट झाला. ही गोष्ट मराठी घरांत व्यायामाचा महिमा सांगायला पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. तिचा उत्तरार्ध मात्र कुणी सांगत नाही. १९०८ ते १९१४ या मंडालेच्या सहा वर्षांत तेच टिळक मधुमेहाशी झगडत होते. यात लोकमान्यांच्या मोठेपणाला बाधा येत नाही. एका वर्षाची कमाई किती वर्षं पुरते, हा प्रश्न तेवढा उरतो.

त्या प्रश्नाला आकड्यांचं उत्तर अमेरिकेतल्या राल्फ पॅफेनबार्गर यांनी दिलं. हार्वर्ड विद्यापीठाच्या जवळपास सतरा हजार माजी विद्यार्थ्यांच्या नोंदी त्यांनी अनेक वर्षं ठेवल्या आणि १९७८ मध्ये मांडलेल्या निष्कर्षात एक गोष्ट लख्ख दाखवली. कॉलेजात असताना मैदान गाजवणारे जे खेळाडू पुढे खुर्चीत बसले, त्यांचं हृदय त्या जुन्या पराक्रमाने वाचवलं नाही. उलट कॉलेजात कधी मैदानाकडे न फिरकलेले जे लोक पुढच्या आयुष्यात चालू-फिरू लागले, त्यांना फायदा मिळाला. म्हणजे शाळेत कबड्डीत जिल्हा पातळीवर खेळलो होतो, हे वाक्य पन्नाशीत कितीही वेळा म्हटलं तरी त्याचं व्याज जमा होत नाही. आणि शाळेत पी.टी.च्या तासाला वर्गात लपून बसणाऱ्याची संधीही गेलेली नसते.

दुसरा प्रयोग याहून लहान, पण माझ्या मनातून जात नाही. १९९० साली बॉस्टनमधल्या डॉक्टर मारिया फियाटारोन यांनी वृद्धाश्रमातल्या दहा अशक्त माणसांना पायांच्या ताकदीचा व्यायाम दिला. त्यांचं सरासरी वय होतं नव्वद. आठ आठवडे वजन उचलल्यावर, शेवटपर्यंत टिकलेल्या नऊ जणांच्या पायांतली ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. हा आकडा सगळेच सांगतात. पण त्याच निबंधात पुढे आणखी एक नोंद आहे: व्यायाम थांबवल्यावर अवघ्या चार आठवड्यांत त्यांची कमाल ताकद ३२ टक्क्यांनी उतरली. नव्वदाव्या वर्षी शरीर इतकं देतं, आणि चार आठवड्यांत त्यातलं इतकं काढूनही घेतं. या दोन आकड्यांच्या मध्ये हे सगळं पुस्तक बसतं.

आता आपल्या गावाकडे येतो, कारण ‘रोज एक तास व्यायाम करा’ असा सल्ला देणाऱ्याने बहुधा ७.१२ ची लोकल कधी पकडलेली नसते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम दमछाकीची हालचाल आणि निदान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगते. दीडशे मिनिटं म्हणजे आपल्या डोंबिवलीकराच्या एका दिवसाच्या जाण्या-येण्याच्या गाडीतली मिनिटं. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून डोंबिवली ४८ किलोमीटर, कल्याण ५४. त्यात घर ते स्टेशन आणि स्टेशन ते ऑफिस मिळवा. जगाने आठवड्याला मागितलेला वेळ इथे रोज रुळांवर जातो. म्हणून इथल्या माणसाला आळशी म्हणण्यापूर्वी त्याचं वेळापत्रक पाहावं, अशी माझी विनंती आहे.

गंमत अशी की याच प्रवासाने आपल्या आधीच्या पिढीला नकळत राखलं. १९५३ साली जेरेमी मॉरिस या लंडनच्या डॉक्टरने तिथल्या दुमजली बसच्या ड्रायव्हर आणि कंडक्टरांची तुलना केली. दोघांची नोकरी एकाच कंपनीतली, राहणी जवळपास सारखी. फरक इतकाच की ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर दिवसाला पाचशे-साडेसातशे पायऱ्या चढत-उतरत. कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आढळला, आणि झाला तर उशिरा व सौम्य. मॉरिस पुढे स्वतःलाच शंका विचारत राहिले: मुळात जाड माणसंच ड्रायव्हर होत असतील तर? मग त्यांनी गणवेशाच्या पँटींची मापं तपासली. ड्रायव्हरांच्या कमरा खरोखरच रुंद होत्या, नोकरीला लागतानाच. तेव्हा सगळं श्रेय जिन्यांना देता येईना. पण पुढे इतर व्यवसायांत आणि देशांत झालेल्या अभ्यासांनी मूळ मुद्दा उचलून धरला. मॉरिस स्वतः ९९ वर्षं जगले.

आपले वडील आणि काका त्या कंडक्टरांचे भाऊबंद होते. घरातून स्टेशनला पायी, पूल चढून-उतरून फलाट, गाडीत तासभर उभं, व्ही.टी.ला उतरून फोर्टपर्यंत पायी, आणि संध्याकाळी हेच उलट, हातात भाजीची पिशवी. त्याला कुणी व्यायाम म्हणत नव्हतं. मग शेअर रिक्षा आली, सरकते जिने आले, लिफ्ट आली, सोसायट्या सात मजल्यांवरून सत्तावीस मजल्यांवर गेल्या. ज्या म्हाताऱ्या आजीला लिफ्टमुळे डॉक्टरकडे जाता येतं तिच्यासाठी हे सगळं वरदानच आहे. पण त्या सोयींनी आपल्या दिवसातली नकळत होणारी दुरुस्ती काढून घेतली, आणि गाडीतली दमणूक मात्र तशीच ठेवली. दमलेलं शरीर म्हणजे वापरलेलं शरीर, असा आपला समज होऊन बसला. संध्याकाळी घरी आलेला माणूस गळून गेलेला असतो, हे खरंच आहे. त्याच्या मांड्यांनी दिवसभर काही उचललेलं नसतं, हेही तितकंच खरं.

दुसरा समज बारीक माणसांचा. ‘आपल्याला काय गरज, आपण मूळचेच काटक,’ असं म्हणणारे डोंबिवलीच्या प्रत्येक डब्यात भेटतील. हात काडीसारखे, आणि शर्टाच्या तिसऱ्या-चौथ्या बटणाखाली छोटा नारळ. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक यांनी या देहाचा आयुष्यभर अभ्यास केला आहे. २००४ मध्ये त्यांनी आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच फोटो छापले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स एकच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्यावर दोघे जुळे भाऊ, आत दोन वेगळी माणसं. म्हणूनच भारतीयांसाठी डॉक्टर कंबरेचं माप पाहतात: पुरुषांना ९० सेंटीमीटर, बायकांना ८०. या पुस्तकात वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप जास्त वेळा येईल, त्याचं कारण हे.

मग टिकणाऱ्या तंदुरुस्तीला लागतं तरी काय? जिद्द, हे नेहमीचं उत्तर. माझा अनुभव असा की माझ्यात जिद्द कधी कमी नव्हती. एक जानेवारीला आणि पाडव्याला तर ती ओसंडून वाहत असे. मला कमी पडत होती ती जागा, म्हणजे दिवसाच्या वेळापत्रकातली ठरलेली फट. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांना ही गोष्ट फार आधी कळली होती. त्यांनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला, संस्थानातल्या शाळांत तो सुरू केला, त्यावर पुस्तकं लिहिली. १९३८ मध्ये त्यांचं पुस्तक लंडनहून ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’ या नावाने निघालं. राजाकडे तालमी, वस्ताद, घोडे काय हवं ते होतं. त्याने प्रचार केला तो सतरंजीएवढ्या जागेत, फुकट, एकट्याला आणि रोज करता येईल अशा गोष्टीचा. भवानराव १८६८ चे; १९५१ पर्यंत जगले.

माझी फट मला स्वयंपाकघरात सापडली. सकाळी कुकर लावायचं काम माझ्याकडे आहे. गॅस पेटवला की ओट्याला पाठ करून उभं राहायचं, स्वयंपाकघरातल्या स्टुलाला बूड टेकेपर्यंत खाली जायचं आणि हात न लावता उठायचं. पहिली शिट्टी होईपर्यंत जमतील तेवढ्या बैठका. मग ओट्याच्या कडेला हात टेकून तिरके जोर, दुसऱ्या शिट्टीपर्यंत. तिसऱ्या शिट्टीला गॅस बंद आणि व्यायामही बंद. सुरुवातीला पहिल्या शिट्टीपर्यंत माझ्या आठ बैठका होत आणि मांड्या लटपटत. मुलगी दारात उभी राहून हसायची, “बाबा, डाळ शिजतेय की तुम्ही?” आता स्टूल लागत नाही. तसंच संध्याकाळचं. डोंबिवलीला उतरल्यावर सरकत्या जिन्याची रांग सोडून बाजूचा साधा जिना धरायचा आणि शेअर रिक्षाच्या रांगेत उभं राहायचं तेवढ्या वेळात घराच्या निम्म्या वाटेपर्यंत चालत जायचं. सणासुदीला फडके रोडवर रिक्षाच्या आधी पोचतो, ते वेगळंच.

पण फट सापडली म्हणजे काम झालं असं नाही. या पुस्तकाचं मुख्य म्हणणं इथे सुरू होतं. फिलिपा लॅली यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ९६ जणांवर केलेला एक अभ्यास आहे. एखादी नवी गोष्ट ठरलेल्या प्रसंगाला जोडून रोज केली, तर ती आपोआप व्हायला किती दिवस लागतात? ‘एकवीस दिवस’ हे सगळ्यांना पाठ आहे. त्यांच्या अभ्यासात मधलं उत्तर निघालं ६६ दिवस, आणि माणसागणिक अंतर होतं १८ पासून २५४ पर्यंत. व्यायामाला पाणी पिण्यासारख्या सवयीपेक्षा जास्त वेळ लागला. आणि आमच्यासारख्यांना दिलासा देणारं वाक्य पुढे होतं: मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय जडण्यावर म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही.

तिन्ही जिम मी सोडल्या त्या आळसाने नाहीत. पहिल्या वेळी पाऊस आणि ताप, दुसऱ्या वेळी मार्चएंड, तिसऱ्या वेळी घरातलं लग्न. दरवेळी आठ-दहा दिवसांचा खंड पडला आणि दरवेळी मला वाटलं की आता सगळं मुळापासून सुरू करावं लागणार, मग पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून व्यवस्थितच करू. ती एक तारीख आली नाही. याच माणसाची सकाळची गाडी चुकली तर तो काय करतो? दोन शिव्या देतो आणि पुढची पकडतो. पुढची अंबरनाथहून भरून आली तर तिलाही लटकतो. ‘आज ७.१२ चुकली, आता नोकरी एक तारखेपासून व्यवस्थितच करू,’ असं फलाटावर उभं राहून म्हणणारा माणूस मी तीस वर्षांत पाहिलेला नाही. लेटमार्क लागतो, तो घेऊन आपण कामाला जातो. व्यायामाच्या बाबतीत आपण लेटमार्क घ्यायला तयार नसतो, म्हणून आपली थेट गैरहजेरी लागते.

त्यामुळे या पुस्तकात सलग किती दिवस केलं याचा तक्ता नाही. खंड किती दिवसांचा पडला, एवढंच लिहायला जागा आहे. पहिल्या वर्षी माझे खंड तीन-तीन आठवड्यांचे होते. दुसऱ्या वर्षी सर्वांत मोठा खंड अकरा दिवसांचा. मला वाटतं, माणसाची तंदुरुस्ती टिकणार की नाही हे त्याच्या सर्वोत्तम आठवड्यावरून कळत नाही, खंडानंतरच्या पहिल्या सकाळवरून कळतं. त्या सकाळी कमी करायचं. निम्म्या बैठका, निम्मं अंतर. पण करायचं.

बायकांच्या बाबतीत हा सल्ला असा सरळ ठोकून देता येत नाही. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ साली आलेल्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतातल्या निम्म्या प्रौढांची हालचाल पुरेशी नव्हती, पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, बायकांत ५७. पहाटे उठून दोन डबे भरणारी, लेडीज डब्यात बसल्या जागी गवार मोडणारी, उतरल्यावर दूध घेऊन घरी जाणारी बाई या आकड्यात ‘अपुरी हालचाल’ म्हणून मोजली जाते, हे ऐकून तिचा संताप होणं स्वाभाविक आहे. कामाने ती दमते, पण तिच्या हाडांना आणि मोठ्या स्नायूंना वाढत्या भाराची जी गरज असते ती लाटण्या-पुसण्यातून फारशी भागत नाही. तिला मिळणारी फट बहुतेक वेळा दुसऱ्या कुणीतरी रिकामी करून द्यावी लागते. आमच्या घरी कुकर माझ्याकडे आला तो त्याच तहात. ती वीस मिनिटं बायको गच्चीवर असते. तेव्हा या पुस्तकातलं बायकांसाठीचं प्रकरण घरातल्या पुरुषांनी आधी वाचावं.

आणखी एक गोष्ट लागते: सोबत. मराठीत ‘तालीम’ हा एकच शब्द नाटकाच्या सरावाला आणि पैलवानांच्या आखाड्याला चालतो, आणि दोन्हीकडे ती एकट्याने होत नाही. ठाण्यात याचं उत्तम उदाहरण घंटाळी मित्र मंडळाचं. अण्णा व्यवहारे यांच्या पुढाकाराने नौपाड्यातल्या या मंडळाने गेली अनेक दशकं सामान्य माणसांना योग शिकवला आहे. त्यात कुणी विक्रम करायला येत नाही. वर्गातल्या शेजारच्या सतरंजीवरची बाई ‘काल दिसला नाहीत?’ असं विचारते, आणि त्या प्रश्नापायी माणूस दुसऱ्या दिवशी उठतो. तलावपाळीला पहाटे फेऱ्या मारणारे, उपवनवरून येऊरच्या चढाला लागणारे, कल्याणला दुर्गाडीच्या बाजूला खाडीचा वारा घेणारे, डोंबिवलीत भागशाळा मैदानाच्या कडेने चालणारे, या सगळ्या टोळक्यांत चालण्यापेक्षा बोलणं जास्त होतं, अशी टीका होते. होऊ दे. पंधरा वर्षं चाललेलं गप्पांचं टोळकं आणि अकरा दिवस चाललेली माझी तिसरी जिम, यांत कुणाचे मैल जास्त भरले असतील? फेरी संपल्यावरच्या वडापावाबद्दल मात्र पुढे एक स्वतंत्र टीप आहे.

पुस्तकाची रचना साधी आहे. पहिला भाग चालण्याचा आणि दमसासाचा. त्यात दहा हजार पावलांचा उगमही येईल: टोकियो ऑलिंपिकनंतर १९६५ साली जपानी कंपनीने काढलेल्या ‘मानपो-केई’ या पावलं मोजणाऱ्या यंत्राचं ते नाव होतं, वैद्यकीय शोध नव्हे. दुसरा भाग ताकदीचा. तिशीनंतर दर दशकात स्नायू साधारण तीन ते आठ टक्के घटतात, साठीनंतर आणखी वेगाने, म्हणून हा भाग सर्वांत मोठा आहे. तिसरा भाग ताटाचा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीने वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम. आमटीच्या एका वाटीत पाच-सहा ग्रॅम मिळतात, तेव्हा उसळ, दही, शेंगदाणे, अंडी, मासे यांचं गणित तिथे मांडलं आहे. चौथा भाग झोपेचा आणि विश्रांतीचा, म्हणजे खऱ्या अर्थाने मेगाब्लॉकचा. शेवटचा भाग खंडाचा: आजारपण, पावसाळा, परीक्षा, लग्नसराई, दुःख. तो भाग घाईत असलेल्यांनी आधी वाचला तरी चालेल.

दोन सूचना. छातीत दुखत असेल, धाप लागत असेल, रक्तदाब किंवा साखर हाताबाहेर असेल, तर आधी डॉक्टर, मग हे पुस्तक. आणि दुखणारा सांधा व दमलेला स्नायू यांतला फरक शिकून घ्या. पहिल्याचं ऐकायचं असतं, दुसऱ्याशी थोडी हुज्जत घालायची असते.

हस्तलिखित वाचून चुका काढणारे फिजिओथेरपिस्ट मित्र, गाडीतल्या ग्रुपमधले टीकाकार आणि ते गुरुजी, यांचा मी ऋणी आहे. गेल्या भाद्रपदात गुरुजी गणपतीची प्रतिष्ठापना करायला आमच्याकडे आले होते. आरतीला उठताना मी चौरंगाला हात लावला नाही. जमिनीला एक लावला. “सुधारणा आहे,” गुरुजी म्हणाले आणि घंटा वाजवायला लागले.

ही प्रस्तावना लिहीत असताना घरात व्हायरल तापाची साथ चालू आहे आणि माझा खंड नऊ दिवसांचा झाला आहे. ताप काल उतरला. उद्या कुकर लावायचा आहे. पहिल्या शिट्टीपर्यंत चार बैठका झाल्या तरी पुष्कळ, आणि स्टूल मी आत्ताच ओट्याजवळ आणून ठेवलं आहे.

डोंबिवली (पूर्व)
गुढीपाडवा